वाजवी

खोलीत आम्ही दहा जण काय बोललो
ते सांगायचं नाही, असा कायदा आहे.
तेव्हा खोलीबाहेरचं सांगते.

किडरमिन्स्टर. गालिच्यांचं गाव.
माग बंद पडून वर्षं झाली,
पण टाउन हॉलच्या वरच्या मजल्यावर अजून इथलाच लाल गालिचा,
खुर्च्यांच्या पायांशी विरलेला.
त्यावर पंधरा दिवस बसलो,
डोरियन पास्क, वय एकोणीस, कसा मेला
एवढंच ठरवायला.
दोषी कोण, ते विचारायचं नाही.
कॉरोनरबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, चष्मा पुसत.

ज्याने गोळी झाडली त्याला नाव नव्हतं.
क्यू-नऊ. पडद्याआड बसायचा.
पडद्याखालून बूट दिसत,
ताजं पॉलिश, एकावर एक चढवलेले,
दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसावं तसे.

फीत मुकी होती. बेटिंगच्या दुकानावरचा कॅमेरा.
जमाव चढावरून येतो. तोंडं उघडतात, मिटतात.
काय ओरडत होते ते मला आवाजाशिवाय कळत होतं.
त्या रात्री मी दोन गल्ल्या पलीकडे
दाराला शिलाई मशीन लावून बसले होते.
हे मी आधीच लिहून दिलेलं. चालेल म्हणाले.
बंदुकीचा आवाज आला
तेव्हा मला बरं वाटलं होतं,
हे मात्र कुठल्या फॉर्मवर विचारलं नाही.

मग तो मुलगा वळतो. हातात काहीतरी काळं.
एक पूर्णांक चार सेकंद.
मग तो खाली.
मग क्यू-नऊ धावत येतो, गुडघे टेकतो
आणि त्याच हातांनी त्याची छाती दाबत राहतो
अकरा मिनिटं.
अकराच्या अकरा दाखवली. कुणी फीत पुढे ढकला म्हणालं नाही.

काळं ते म्हणजे ड्रिल. लुटलेल्या दुकानातलं,
बॅटरी नसलेलं.
प्लास्टिकच्या पिशवीतून हातोहात फिरलं.
वाटलं होतं त्यापेक्षा जड.
मी उगाच ते जरा उचलून धरलं
तर शेजारच्या मिस्टर ओकलींनी मान आत घेतली.
त्यांना माहीत होतं की ते ड्रिल आहे.

वाजवी हा शब्द मी मंडईत शिकले,
आईच्या पदराला धरून, वांग्यांच्या भावावरून.
इथे त्याने भीती मोजायची होती.
त्याची भीती वाजवी होती का.
माझी कुणी मोजली नाही.

तिसऱ्या दिवशी बायकांच्या स्वच्छतागृहात मिसेस पास्क.
बोलायची मनाई. हात वाळवायचं यंत्र बंद.
तिने कागदी रुमाल ओढला,
मग आणखी एक ओढून माझ्यापुढे धरला,
आरशाकडेच बघत.
माझ्यासारख्यांना हाकलायला तिचा मुलगा निघाला होता.
रुमाल घ्यावा की नाही, याचा नियम कुणी सांगितला नव्हता.
घेतला.

शेवटच्या दिवशी सह्या.
माझी मराठीतच, मिरजेच्या बँकेत पहिलं खातं काढलं तेव्हापासून.
कारकुनाने कागद उलटसुलट केला,
नाव कुठून सुरू होतं, विचारलं.
बोट ठेवलं: इथून.
बरोबर वर तो शब्द होता. कायदेशीर.

संध्याकाळी अक्काचा फोन.
काय ठरलं गं? खून?
खून नाही.
म्हणजे वध.
अक्का, वध राक्षसाचा होतो.
वध म्हटलं की निकाल आधीच लागलेला असतो,
त्याच्या आईचं कुणी विचारत नाही.
मग बळी म्हण.
बळी म्हणायला देव लागतो पलीकडे.
तिथे एक दुकान होतं, चपलांचं, बंद.
मग म्हणायचं काय?
इथे म्हणतात, कायद्याने मारलं.

अक्का जरा थांबली.
कायद्याला हात असतात होय?

फितीत होते. अकरा मिनिटं.
कोर्टात नुसते बूट दिसले.